भुरीच्या नाकातली गाठ

माझ्या कामाच्या यादीत गाय होती, म्हैस होती, शेळी होती, कोंबडीसुद्धा होती. कुत्रा नव्हता. म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याची लस होती, पण ती कुत्र्याच्या भल्यासाठी कमी आणि माणसाच्या भीतीसाठी जास्त. तरीही नोकरीतलं काय आठवतं असं कुणी विचारलं, की मला आधी दोन कुत्री आठवतात. एक माझ्या चुकीमुळे गेला, एक वाचली. आज त्या दोघांबद्दलच सांगते.

१९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्याच वर्षी मी अर्जुनी मोरगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रुजू झाले. कागदावर पशुधन विकास अधिकारी, लोकांच्या तोंडी ढोरडाक्टरीण. माझे वडील राइस मिलमध्ये पोती उचलायचे. धम्मदीक्षेनंतर वाढलेली त्यांची पिढी. मुलीनं डॉक्टर व्हावं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. माणसांची की जनावरांची, हा तपशील त्यांनी कधी विचारला नाही.

गाव मात्र विचारायचं. पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी पोट फुगलेला बैल घेऊन आला. मी समोर उभी, तरी म्हणाला, "डाक्टर कवा येतील जी?" मी म्हटलं, मीच डॉक्टर. त्यानं मान हलवली आणि बैल घेऊन बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसला, डॉक्टरची वाट पाहत. तासाभरात बैल धाप टाकायला लागला. मी न विचारता गेले, डाव्या कुशीत सुई घातली, हवा फुसकन् बाहेर पडली. बैलानं मान टाकायच्या ऐवजी शेण टाकलं. "हाव," तो माणूस म्हणाला. इकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात. "डाक्टरच होय." हा सगळा तमाशा आमचे परिचर शामरावभाऊ पायरीवर बसून पाहत होते. दवाखान्यात त्यांची वीस वर्षं झाली होती. ते एवढंच बोलले, "आता टिकसान तुमी इथं."

रोजचं काम म्हणजे पावसाआधी घटसर्प-फऱ्याच्या लसी, कृत्रिम रेतन, अडलेल्या गाई सोडवणं, बकऱ्यांची हगवण. कुत्री आपणहून यायची, पण मालकाशिवाय. दवाखान्याच्या आवारात आठ-दहा कुत्री कायम. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना तरी ती गाठ असायची.

त्या गाठीबद्दल सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं. कुत्र्यांमध्ये एक कर्करोग असा आहे, की जो एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागतो. जंतूमुळे नाही, तर गाठीच्या जिवंत पेशीच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाऊन रुजतात. बहुतेक वेळा समागमातून. पण कुत्र्यांना हुंगायची, चाटायची सवय, त्यामुळे कधी कधी ती नाकात किंवा तोंडातही वाढते. फुलकोबीसारखी, लालभडक, हात लावला की रक्त. गावात लोक म्हणायचे "याले गरमी झाली" आणि दगड मारून हाकलायचे.

आणि याच गाठीला एक चांगलं औषध आहे. आपल्या अंगणात सदाफुली असते ना, तिच्यातूनच निघालेलं. माणसांच्या रक्ताच्या कर्करोगातही तेच वापरतात. आठवड्यातून एकदा शिरेतून द्यायचं. चार ते सहा इंजेक्शनांत बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. मात्र शिरेच्या बाहेर एक थेंब सांडला तर मांस जळतं, म्हणून कुत्रं दगडासारखं स्थिर हवं. औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मरतात, म्हणून दर वेळी आधी रक्त तपासायचं. दवाखान्यात हे औषध मिळायचं नाही. नागपूरहून आणावं लागे, थंड ठेवून.

मला हे सगळं ठाऊक होतं, म्हणूनच मी चुकले.

गावाच्या कडेच्या तलावावर सुखदेव नावाचा ढीवर मासे धरायचा. त्याचा गुड्डू नावाचा काळा कुत्रा वाळत घातलेली जाळी राखायचा. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सुखदेव त्याला घेऊन आला. वरच्या जबड्यात गाठ, दात हलायला लागलेले. मी काचेवर ठसा घेतला, रंगवला, सूक्ष्मदर्शकात पाहिला. गोल गोल पेशी, आत बुडबुडे. तीच गाठ. मला आनंद झाला, हे आज लिहायला लाज वाटते. हातात इलाज असलेला रोग समोर आला होता.

मी औषध मागवलं. पहिलं इंजेक्शन, दुसरं इंजेक्शन. गाठ निम्मी झाली. मी सुखदेवला कुत्र्याचं तोंड उघडून दाखवलं, "पाहा, कशी बसते आहे."

तो म्हणाला, "म्याडम, थो कायी खाऊन नाही राहिला. मासोळी तोंडाजवर नेली का केकाटते."

"गाठ बसली की खाईल," मी म्हटलं.

तिसऱ्या वेळी त्यानं गुड्डूला मासे वाहायच्या टोपलीत घालून आणलं. बरगड्या मोजता येत होत्या. शामरावभाऊंनी डोकं धरलं तेव्हा कुत्रा असा ओरडला की बाहेर बांधलेली म्हैस बिचकली. मी इंजेक्शन दिलं. गाठ आता बोराएवढी राहिली होती. मी वहीत लिहिलं, 'प्रतिसाद उत्तम'.

चौथ्या आठवड्यात सुखदेव एकटाच आला. आरडाओरडा केला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "गेला जी थो. तुमी गाठ पाह्यली म्याडम. त्याचं दुखनं नाही पाह्यलं."

तो वळून गेला. शामरावभाऊ टेबल पुसत राहिले. माझ्या मागच्या कपाटात सुजेवरच्या, दुखण्यावरच्या गोळ्यांचा डबा होता. तीन आठवडे तो तिथंच होता. एवढ्या जहाल औषधात आणखी काही नको, पोट बिघडेल, अशी मी स्वतःची समजूत काढली होती. ज्या रोगातून शंभरातली बहुतेक कुत्री उठतात, त्या रोगात सुखदेवचा कुत्रा उपाशी मेला.

नागपूरला माझी वर्गमैत्रीण वर्षा कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवते. पुढच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. वर्षा गोड बोलणाऱ्यांतली नाही.

"गाईचं दूध अर्धा लिटर कमी झालं तर तू तिचे चारी पाय तपासतेस," ती म्हणाली. "आणि कुत्रा तीन आठवडे जेवत नव्हता, तर तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं. मला वाटलं, गाठीमुळे."

"गाठीमुळेच. पण गाठ आणि दुखणं हे दोन रोग आहेत बाई. दोन्हींचा इलाज एकाच दिवशी सुरू करायचा असतो."

तिनं मला आठ दिवस आपल्या दवाखान्यात बसवून घेतलं. दुखणारं कुत्रं ओरडतंच असं नाही, हे मी तिथं शिकले. ते कोपरा धरतं, मान खाली ठेवून बसतं, एकाच ठिकाणी चाटत राहतं, मालक आला तरी शेपटी अर्धीच हलवतं. आणि शिकले ती अफूच्या कुळातली औषधं. खसखशीच्या बोंडातून येणारं मॉर्फिन सगळ्यांत जुनं, पण ते आम्हा जनावरांच्या डॉक्टरांच्या हाती लागणं जवळपास अशक्य. परवान्याचे कागद इतके, की वर्षानं दोनदा अर्ज करून नाद सोडला होता. मात्र त्याच कुळातली, कारखान्यात बनवलेली दोन औषधं मिळत होती. एक इंजेक्शन, बुटॉर्फेनॉल, दीड-दोन तास काम करणारं. दुसरी ट्रॅमॅडॉलची गोळी. आज म्हणतात की कुत्र्यांत त्या गोळीचा गुण माणसांइतका नाही. असेल. पण आमच्याकडे होती ती तीच, आणि जोडीला सुजेची गोळी दिली की चालत होती.

एका प्रशिक्षणात एका तरुण प्राध्यापकानं आणखी एक गोष्ट सांगितली. अफूच्या कुळातलं औषध कर्करोगाच्या औषधाबरोबर दिलं तर रोगी पेशी ते औषध जास्त घेतात का, हे प्रयोगशाळांमधून तपासत आहेत म्हणे. मी लक्ष देऊन ऐकलं. ते खरं की खोटं, हे सांगायची माझी योग्यता नाही. मी पाहिलं ते साधं आहे. ज्याचं दुखणं थांबलं तो कुत्रा जेवतो, आणि जो जेवतो तो पुढचं इंजेक्शन सोसतो.

त्यानंतर पुष्कळ कुत्री आली. काही बरी झाली, काही मालकांनी अर्ध्यात सोडली. आवारातल्या बेवारस कुत्र्यांवर मी आणि शामरावभाऊंनी हात बसवला. बाह्यरुग्णांच्या नोंदवहीत मी पट्टीनं एक जादा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'दुखतं का?' तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. हा नमुन्यात नाही, म्हणाले. मी म्हटलं, नाही. त्यांनी शेरा मारला. मी पुढच्या पानावर पुन्हा रकाना आखला. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले, त्यांनीही शेरा मारला. रकाना राहिला.

मग आली भुरी. नोकरीला दहाएक वर्षं झाली होती. जानेवारीतली थंडी होती. एक उंच, सडपातळ माणूस खांद्यावर कुत्री घेऊन दवाखान्यात आला. अंगात रेल्वेचा निळा सदरा. नाव रामखिलावन. मूळचा छत्तीसगडचा, पण पंचवीस वर्षांपासून आमच्याच मार्गावर कीमॅन. कीमॅन म्हणजे ठरलेला आठ-दहा किलोमीटरचा लोहमार्ग रोज पायी तपासणारा माणूस. खांद्यावर हातोडा आणि पाना, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की ठोकत, रुळाला तडा आहे का पाहत चालायचं. त्याचा निम्मा भाग जंगलातून जायचा.

"मॅडमजी, ये मेरे आगे-आगे चलती है," तो म्हणाला. "मेरा ध्यान नीचे पटरी पर रहता है ना. सामने भालू है कि तेंदुआ, वो ये देखती है. देखती क्या, सूंघती है."

भुरीचं नाकच गेलं होतं. उजव्या नाकपुडीतून रक्त ठिबकत होतं, डोळ्याखालचा भाग सुजून डोळा मिटला होता. शिंक आली की टेबलावर रक्ताचे शिंतोडे. तिला कुणीतरी काठीनं मारलं, असं रामखिलावनला आधी वाटलं होतं. महिनाभर तो तंबाखूची राख लावत होता.

ठसा घेतला. तेच बुडबुडे.

शामरावभाऊंनी नोंदवही उघडली, रकान्यावर पेन ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी भुरीच्या नाकाच्या दांडीजवळ बोट नेलं, टेकवलं नाही. ती ओरडली नाही. तिनं फक्त डोकं रामखिलावनच्या काखेत घातलं.

"दुखतं," मी म्हटलं. "भरपूर. लिहा."

रामखिलावनला मी सगळं समजावलं. सहा आठवडे, सहा इंजेक्शनं. आधी दुखणं दाबायचं, अर्ध्या तासानं सदाफुलीचं औषध शिरेतून. घरी गोळ्या. पहिले चार दिवस सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात आणायचं, दुखण्याच्या इंजेक्शनासाठी. तिची लघवी, उलटी उघड्या हातानं पुसायची नाही, कारण त्यातून औषध बाहेर पडतं. औषध आणायला नागपूरला जावं लागेल.

"अपना पास है," तो म्हणाला. "गाडी तो अपनी ही है."

लसीच्या थर्मासात बर्फ भरून तो दर आठवड्याला नागपूरला वर्षाकडे जायचा आणि औषध घेऊन यायचा. एकदा गाडी चार तास उशिरा होती, तर वाटेतल्या स्टेशनवर रसवंतीवाल्याकडून बर्फ मागून थर्मासात भरला होता.

पहिल्या दिवशी दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि आम्ही तिघं बसून राहिलो. वीस मिनिटांनी भुरीची मान सैल पडली. मी नाकाच्या दांडीवरून बोट फिरवलं. तिनं फिरवू दिलं. शामरावभाऊंनी पाय धरला, शीर एका टोचण्यात मिळाली, औषध गेलं. बाहेर थेंबसुद्धा नाही. गुड्डूच्या वेळी तीन माणसं लागली होती.

संध्याकाळी रामखिलावन पुन्हा आला तेव्हा दारातूनच ओरडला, "पेज पी ली! कटोरा चाट लिया!"

पण आठवड्याभरातच अडचणी सुरू झाल्या. भुरी दिवसभर पेंगायची. चार दिवस तिला शौचाला झालं नाही. अफूच्या कुळाचा हा गुणच आहे, आतडी आळसावतात. मी मात्रा कमी केली, पेजेत तेल आणि शिजवलेला भोपळा घालायला सांगितला. तिसऱ्या इंजेक्शनाच्या दिवशी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी खूपच कमी. मी दोनदा मोजल्या. मग औषधाची बाटली थर्मासात परत ठेवली.

"आज नाही," मी म्हटलं.

रामखिलावन पहिल्यांदाच चिडला. "मैं नागपूर से लेके आया! गांठ फिर बढ़ जाएगी तो?"

"आज दिलं तर गाठीआधी भुरीच जाईल. साधा ताप आला तरी जाईल."

"मतलब आपका दवा ही गलत है."

"औषध बरोबर आहे. दिवस चुकीचा आहे. आठ दिवस तिला घराबाहेर सोडू नको, उकडलेलं अंडं दे, दुखण्याची गोळी बंद करू नको."

तो भुरीला उचलून निघून गेला. तो परत येईल की नाही, मला खात्री नव्हती. शामरावभाऊ म्हणाले, "येते थो. चाव्या ठोकनारा मानूस होय, अर्ध्यात सोडत नाही."

त्याच आठवड्यात दवाखान्यात हवालदार आले. चाळिशीचे, जाडसर, टोपी काखेत. नाव दिनकर. खुर्चीवर बसले, घसा खाकरला.

"म्याडम, तक्रार आहे. तोंडीच आहे. तुमी कुत्र्याले अफीम देऊन राहिल्या म्हून."

चहाच्या टपरीवर कुणीतरी भुरीला पेंगताना पाहिलं होतं, रामखिलावननं अभिमानानं औषधाचं कूळ सांगितलं होतं, आणि दोन दिवसांत गावभर झालं होतं, की ढोरडाक्टरीण अफूचा धंदा करते. मला हसू येत होतं, पण हवालदार हसत नव्हते. मी साठ्याची वही काढली. प्रत्येक बाटली, प्रत्येक गोळी, कुठल्या जनावराला, किती, उरली किती. त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. एका ओळीवर बोट थांबलं.

"ह्या गोळीनं दुखनं जाते?"

"जातं म्हणजे, कमी होतं. गाठीचं औषध चालू असतानाही कुत्री जेवते, झोपते."

"आनि हे दोनी संगंच देता?"

"हो. एकत्रच द्यायला हवं."

त्यांनी वही मिटली. टोपीची कड चाचपत म्हणाले, "माह्या मायले जबड्याचा कँसर आहे. तंबाखूचा गुडाखू दाताले घासत होती जल्मभर. नागपूरले सुया चालू हायेत, गाठीच्या. सुई देऊन घरी आनली का ते पदर तोंडात कोंबून पडून राह्यते. ओरडत नाही, लोकं ऐकतीन म्हून. दोन हप्त्यांपासून नुसतं पानी." ते थांबले. "म्याडम, मले त्यातल्या चार गोळ्या द्या. कुत्रीले देता, माह्या मायले काऊन नाही?"

गोळ्यांची पट्टी माझ्या हाताशी होती. माणसांच्या दुकानातही तीच गोळी येते, नावसुद्धा तेच. दिली असती तर कुणाला कळलं नसतं, आणि विचारणारा स्वतःच पोलीस होता.

"नाही देऊ शकत," मी म्हटलं. "मी जनावरांची डॉक्टर. तुमच्या आईचं वय, मूत्रपिंडं, बाकीची औषधं, मला काहीच ठाऊक नाही. जास्त झाली तर श्वास मंदावतो."

ते उठले. "बराबर आहे तुमचं," म्हणाले, आणि पायऱ्या उतरले. तक्रारीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी टेबलापाशी बसले. दवाखाना रिकामा होता. शामरावभाऊ वहीकडे पाहत म्हणाले, "त्याच्या मायचा रकाना कोन आखल, म्याडम?"

मी चप्पल घातली आणि धावत जाऊन हवालदारांना रस्त्यात गाठलं. "आईचे कागद कुठे आहेत?" विचारलं. आम्ही त्यांच्या घरी गेलो. माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. मान खाली, एकाच ठिकाणी हात. मला हे बसणं-पडणं ओळखीचं होतं. कागदांची पिशवी मी ओट्यावर पसरली. नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या एका चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, घाईत लिहिलेल्या अक्षरांत, दुखण्याचं औषध होतं. तीन महिन्यांपासून लिहिलेलं होतं. गावातल्या दुकानात ते नव्हतं, दुकानदारानं 'हे आमच्याकडे येत नाही' म्हणून चिठ्ठी परत केली होती, आणि दिनकरला वाटलं होतं की मागचं लिहिलेलं काही महत्त्वाचं नसेल.

ती चिठ्ठी घेऊन आम्ही सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरकडे गेलो. त्यानं मला ओळखलं. त्याच्या घरच्या गाईला मी तपासलं होतं. "मॅडम, हे औषध म्हणजे… सवय लागते," तो म्हणाला.

"तिचं वय बघा," मी म्हटलं. "तिला कशाची सवय लागायची बाकी आहे? दोन आठवडे उपाशी माणसाला तुम्ही पुढची सुई देणार कशी?"

त्यानं नागपूरला फोन लावला, दहा मिनिटं बोलला, वहीत लिहून घेतलं. तोवर चालेल अशी गोळी त्यानं स्वतःच्या सहीनं, माणसाच्या मात्रेत, माणसाच्या दुकानातून दिली. जोरकस औषध नागपूरहून आणायचं ठरलं. रामखिलावनचा राग उतरला होता; त्या आठवड्यात तो पुढचं औषध आणायला नागपूरला निघाला तेव्हा दिनकर त्याच्याबरोबर गेला. एकाच डब्यातून दोघं, एक थर्मास घेऊन, एक चिठ्ठी घेऊन. परत आले तेव्हा एकमेकांना अरे-तुरे करत होते.

रामखिलावन भुरीला घेऊन आलाच. आठ दिवसांनी भुरीच्या पेशी वर आल्या, तिसरं इंजेक्शन झालं. चौथ्यानंतर डोळा उघडला. पाचव्यानंतर रक्त थांबलं.

मधल्या एका दिवशी दिनकर म्हणाला, "माय म्हनते, ते कुत्री पाहाची आहे मले." आमच्या तालुक्यातल्या प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेचा बंदोबस्त तोंडावर होता, त्याला चार दिवस जावं लागणार होतं. त्याच्या आधीच जाऊ म्हणून आम्ही इंजेक्शनानंतर भुरीला थेट त्यांच्या अंगणात नेलं. माय भिंतीला टेकून बसली होती. समोर वाटी, वाटीत पेज, अर्धी संपलेली. जबड्यामुळे शब्द अर्धेच फुटायचे, पण कळायचे.

भुरी तिच्याजवळ गेली, हात हुंगला, वाटी हुंगली. मायनं तिच्या नाकावर बोट ठेवलं.

"तुले इथं, मले इथं," ती म्हणाली आणि आपल्या गालाकडे खूण केली. मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी ढोराची डाक्टरीन ना?"

"हो."

"बरं झालं. मानसाचे डाक्टर पुसत नाहीत, दुखते का म्हून."

तो तरुण डॉक्टर त्यांच्यातला नव्हता, असं मी म्हणायला गेले. पण ती वाटीतली उरलेली पेज भुरीपुढे सरकवत होती, आणि दिनकर "माय, तुले राहू दे न" म्हणत होता, आणि ती ऐकत नव्हती.

माय बरी झाली नाही. रोग फार पुढे गेला होता. पुढच्या सुया तिनं सोसल्या, उन्हाळा काढला, पावसाळ्याच्या तोंडावर गेली. पदर तोंडात न कोंबता गेली, असं दिनकरनं सांगितलं. नातवांना नावानं हाका मारत होती म्हणे शेवटपर्यंत. मी तिला आणखी आधी पाहिलं असतं तर, असा विचार माझ्या मनात येतो. मग लक्षात येतं, की तिला पाहणं माझं काम नव्हतंच. तरी येतो.

भुरीचं सहावं इंजेक्शन झालं. काचेवर ठसा घेतला, रंगवला, पूर्ण काच पाहिली. एकही बुडबुड्याची पेशी नाही. दुखण्याच्या गोळ्या आम्ही एकदम बंद केल्या नाहीत, दहा दिवसांत हळूहळू उतरवल्या. मग एका सकाळी मी मुद्दाम रेल्वेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. रामखिलावन रुळांमधून येत होता, खाली मान घालून, चावी दिसली की हातोडा. भुरी पंधरा पावलं पुढे. नाक जमिनीला, मग वर वाऱ्याकडे, मग पुन्हा जमिनीला. माझ्यासमोरून गेली, ओळख दिली नाही. कामावर होती. रामखिलावन निवृत्त होऊन गावी गेला तेव्हा तिला सोबत घेऊन गेला, आणि ती म्हातारी होऊन, रायपूरच्या पलीकडे कुठंतरी, आपल्या मरणानं मेली.

सांगण्यासारखं अजून एकच. माय गेली त्या पावसाळ्यात दवाखान्यात लसीकरणाची गर्दी होती. बाहेर बैलांची रांग. तेवढ्यात गणवेशातला दिनकर रांग मोडून आत आला. हातात दोरी, दोरीला ठाण्याच्या आवारातला एक खरजुला, कुणाचाच नसलेला कुत्रा. मागून रक्त ठिबकत होतं. गाठ लांबूनच ओळखू येत होती. रांगेतला एक शेतकरी म्हणाला, "साहेब, आमचे बैल उभे हायेत, आनि तुमी ह्या भटक्या कुत्र्याले कायले आनलं?"

दिनकरनं कुत्र्याला दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं, गणवेशाला रक्त लागलं तरी. कुत्र्यानं मान खाली घातली होती. मी काच आणि सुई शोधायला वळले, तशी त्यानं माझ्या टेबलावरची नोंदवही स्वतः उघडली, माझं पेन घेतलं, आणि उभ्या उभ्या त्या जादा रकान्यात लिहिलं, 'हाव'.